ब्लूटूथ ओबीडी अडॅप्टर: यवतेश्वरच्या चढावर घेतलेली परीक्षा

स्टीअरिंगच्या खाली, चालकाच्या गुडघ्याजवळ असलेल्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये बसणारा आणि ब्लूटूथने मोबाइलला जोडला जाणारा ओबीडी (ऑन-बोर्ड डायग्नोस्टिक्स, म्हणजे गाडीची स्वतःची बिघाड-तपासणी यंत्रणा) अडॅप्टर आता ऑनलाइन पाचशे-सातशे रुपयांपासून मिळतो. गाडीतला प्रत्येक बिघाड तो ओळखतो, असा दावा त्याच्या खोक्यावर छापलेला असतो. हा दावा खरा नाही. तरीही साताऱ्यासारख्या, वेस ओलांडली की चढ सुरू होणाऱ्या गावात ज्याच्याकडे अधूनमधून चेक इंजिनचा दिवा लावणारी जुनी पेट्रोल गाडी आहे, त्याने हे उपकरण जवळ बाळगावे असे माझे मत झाले आहे. मात्र बहुतेक लोक ते ज्या कामासाठी घेतात, म्हणजे गाडीने नोंदवलेला बिघाडाचा कोड वाचायचा आणि पुसून टाकायचा, त्या कामासाठी घेऊ नये. इंजिन चालू असताना, विशेषतः ते भार ओढत असताना, सेन्सरांचे बदलते आकडे पाहता येणे हा त्याचा खरा उपयोग आहे आणि हे परीक्षण मुख्यतः त्याविषयीच आहे.

हे सॉकेट प्रत्येक गाडीत एकाच आकाराचे असण्यामागे कायदा आहे. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलांपासून ते सक्तीचे झाले. भारतात बीएस-४ या प्रदूषण-मानकाच्या गाड्यांना एप्रिल २०१० पासून ओबीडीचा पहिला टप्पा आणि एप्रिल २०१३ पासून दुसरा टप्पा लागू झाला. त्यामुळे २०१३ नंतरच्या पेट्रोल गाडीच्या इंजिनाची मूलभूत माहिती कोणत्याही कंपनीच्या स्कॅनरला, म्हणजेच या स्वस्त अडॅप्टरलाही, वाचता यायला हवी. सोळाव्या पिनेवर बॅटरीचा थेट प्लस असतो, चौथी आणि पाचवी पिन अर्थची, तर सहावी आणि चौदावी कॅन या आजच्या संपर्कपद्धतीची. काही जुन्या गाड्या सातव्या पिनेवरच्या के-लाइनने बोलतात. के-लाइनचा वेग सेकंदाला १०.४ किलोबिट, तर इंजिनाच्या कॅनचा सहसा ५०० किलोबिट असतो. हा फरक नुसता कागदावरचा नाही. तो स्क्रीनवर कसा दिसतो ते पुढे येईल.

या अडॅप्टरांच्या पोटात ईएलएम३२७ नावाची चिप असल्याचे सांगितले जाते. ही चिप एल्म इलेक्ट्रॉनिक्स या कॅनडातील छोट्या कंपनीने तयार केली होती आणि ती कंपनी २०२२ मध्ये बंद झाली. बाजारात स्वस्तात मिळते ती तिची नक्कल. खोक्यावर १.५ ही आवृत्ती छापलेली असली तर गंमत अशी की, त्या क्रमांकाची आवृत्ती मूळ कंपनीने कधी काढलीच नव्हती. तरीही नकलांमध्ये अनुभवाने १.५ म्हणवणारे अडॅप्टर बरे निघतात आणि २.१ म्हणवणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना काही आज्ञा कळत नाहीत, जुन्या के-लाइन गाड्यांशी तर ते हमखास अडखळतात. घेताना परत करण्याची सोय असलेल्या विक्रेत्याकडूनच घ्यावा आणि आल्या आल्या स्वतःच्याच गाडीवर लावून पाहावा, कारण शेजाऱ्याच्या गाडीवर उत्तम चालणारा नग आपल्या गाडीवर चालेलच याची खात्री देता येत नाही.

आता ज्या बिघाडावर त्याची परीक्षा झाली त्याकडे येतो. गाडी २०१४ सालची, बीएस-४, चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक. राजवाडा ते पोवई नाका अशा गावातल्या फिरण्यात कसलीही तक्रार नव्हती. हमरस्त्यावर सपाटीला गाडी नीट पळत असे. परंतु समर्थ मंदिर मागे टाकून यवतेश्वरचा चढ लागला आणि इंजिन पुरेसे तापलेले असले, की दुसऱ्या गिअरमध्ये पिकअप मरत असे, अॅक्सिलरेटर दाबूनही गाडी ओढत नसे आणि एखाद्या वळणावर चेक इंजिनचा दिवा लागत असे. शहरातील एका गॅरेजमध्ये स्कॅनर लावून पी०१७१ हा कोड काढण्यात आला आणि कोड ऑक्सिजन सेन्सरकडून आला आहे, या कारणाने तो सेन्सर बदलण्यात आला. सेन्सरचे काही हजार रुपये गेले, थ्रॉटल बॉडी साफ करण्याचे वेगळे लागले आणि पुढच्याच चढावर दिवा पुन्हा लागला. गाडी एकदाही चढावर नेऊन पाहिली गेली नाही, ही माझी त्या कामाविषयीची मुख्य तक्रार आहे; भाग बदलला याविषयी तितकी नाही.

पी०१७१ चा अर्थ इतकाच, की इंजिनात इंधनाच्या मानाने हवा जास्त होते आहे आणि ईसीयूने, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाने, इंधन वाढवून पाहिले तरी ती तूट भरून निघत नाही. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने साधारण १४.७ भाग हवा हे प्रमाण ईसीयू राखू पाहतो आणि ते राखले गेले की नाही हे सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर त्याला कळवतो. म्हणजे या प्रकरणात सेन्सर हा तक्रार नोंदवणारा आहे; तोच दोषी असेल तर ते स्वतंत्रपणे दाखवावे लागते. हवा जास्त का झाली याची कारणे अनेक असू शकतात: मॅनिफोल्डची, म्हणजे सिलिंडरांना हवा पोहोचवणाऱ्या नळ्यांची, गळती, अडकलेले इंजेक्टर, कमी पडणारा पंप, चुकीचे सांगणारा दाबाचा सेन्सर, किंवा ऑक्सिजन सेन्सरच्या अलीकडे फुटलेला सायलेन्सर. या सगळ्यांचा कोड एकच येऊ शकतो. त्यांच्यात निवड करायची तर इंजिन कोणत्या स्थितीत किती चुकते, हे पाहावे लागते आणि तिथे हे अडॅप्टर कामाला येते.

पहिली तपासणी इंजिन सुरू न करताच होते आणि ती प्रत्येकाने सकाळी करून पाहण्यासारखी आहे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची किल्ली केवळ ऑनवर आणावी आणि कूलंटचे तापमान व आत येणाऱ्या हवेचे तापमान हे दोन आकडे पाहावेत. रात्रभर थंड झालेल्या इंजिनात दोन्ही जवळपास सारखे यायला हवेत. एक चोवीस आणि दुसरा चाळीस दाखवत असेल तर त्यांपैकी एक सेन्सर खोटे बोलतो आहे. त्याच वेळी मॅनिफोल्डचा दाब, म्हणजे मॅप सेन्सरचा आकडा, पाहावा. इंजिन बंद असताना मॅनिफोल्डमध्ये बाहेरच्या हवेचाच दाब असतो. समुद्रसपाटीला तो १०१ किलोपास्कल असतो, परंतु सातारा सुमारे ७४० मीटर उंचीवर असल्याने इथे तो ९३ च्या आसपास यायला हवा. सांगली सुमारे ५५० मीटरवर आहे, तिथे ९५ येईल. महाबळेश्वर १,३५० मीटरच्या वर आहे, तिथे ८६. माझ्या गाडीने घरासमोर ९३ दाखवला, म्हणजे मॅप सेन्सर शाबूत. पुण्या-मुंबईकडचे मार्गदर्शन वाचून साताऱ्यात ९३ दिसल्यावर सेन्सर बिघडला असे कोणी समजू नये, म्हणून हे मुद्दाम लिहीत आहे.

याच आकड्यांवरून आणखी एक गैरसमज दूर होतो. महाबळेश्वरला साताऱ्यापेक्षा हवेचा दाब सात-आठ टक्के कमी असल्याने टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाची ताकद तिथे जवळपास तितकीच कमी भरते, आणि त्यात बिघाड काहीही नसतो. घाटात गाडी ओढत नाही ही तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी काहींची गाडी ठणठणीत असते. माझ्या गाडीचे तसे नव्हते, कारण पातळ हवेमुळे दिवा लागत नाही.

त्यानंतर इंजिन सुरू करून, कूलंट ८५ अंशांच्या पुढे गेल्यावर, फ्युएल ट्रिम पाहिले. ईसीयू ठरलेल्या इंधनात क्षणोक्षणी जी कमी-जास्त करतो ते शॉर्ट टर्म ट्रिम आणि त्यातून शिकून जी कायमची दुरुस्ती लक्षात ठेवतो ते लाँग टर्म ट्रिम. दोन्ही टक्क्यांत दिसतात आणि त्यांची बेरीज करूनच अर्थ लावायचा असतो. बेरीज अधिक-उणे दहाच्या आत असेल तर सहसा काळजी नसते. आयडलला, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसते फिरत असताना, माझ्या गाडीची बेरीज अधिक चार होती. उभ्या गाडीत अडीच हजार आरपीएमवर धरली तरी ती सहाच्या पुढे गेली नाही. ऑक्सिजन सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान व्यवस्थित झुलत होता, म्हणजे नवा सेन्सर तर ठीकच, पण जुनाही बहुधा ठीकच असावा. गॅरेजच्या दारात उभ्या असलेल्या या गाडीत काहीही सापडण्यासारखे नव्हते.

अडॅप्टरचे मोल कळले ते चढावर. त्याआधी अॅपमधून फ्रीझ फ्रेम वाचली होती. कोड नोंदला गेला त्या क्षणी ईसीयू इंजिनाची स्थिती गोठवून ठेवतो, ती ही नोंद. तिच्यात वेग ताशी ३८ किलोमीटर, इंजिनाचे फेरे मिनिटाला तीन हजारांच्या वर आणि इंजिनावरचा भार ऐंशी टक्क्यांच्या पुढे होता. म्हणजे गाडी स्वतःच सांगत होती की मला दुसऱ्या गिअरमध्ये चढावर नेऊन तपासा. ही नोंद आधीच्या गॅरेजच्या स्कॅनरमध्येही उपलब्ध असणार. ती कोणी उघडली नाही इतकेच.

चालवणारा एक आणि आकडे पाहणारा दुसरा अशी दोन माणसे हवीत, हे सांगायला नको. यवतेश्वरच्या वळणांवर मोबाइलकडे पाहत गाडी हाकणे हा आकडे मिळवण्याचा मार्ग नव्हे. कासच्या फुलांचा हंगाम सोडून एखाद्या कामाच्या दिवशी सकाळी गेल्यास हा रस्ता मोकळा मिळतो. अॅपमध्ये रेकॉर्डिंग सुरू करून आम्ही मोजकीच माहिती निवडली: फेरे, मॅनिफोल्डचा दाब, दोन्ही ट्रिम आणि पुढच्या ऑक्सिजन सेन्सरचे व्होल्टेज. पहिल्या वळणांपर्यंत सर्व ठीक होते. चढ लांबला तसे शॉर्ट टर्म ट्रिम वर सरकू लागले, त्याच्या मागोमाग लाँग टर्म हलले आणि अर्ध्याहून थोडा अधिक अॅक्सिलरेटर दाबलेला असताना लाँग टर्म १७ आणि शॉर्ट टर्म ८, असे मिळून २५ टक्के अधिक इंधन ईसीयू मागत असल्याचे दिसले. मग अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला. अशा वेळी ईसीयू सेन्सरचे ऐकणे सोडून जाणीवपूर्वक जास्त इंधन देतो, त्यामुळे सेन्सरचे व्होल्टेज ०.८ च्या वर जाऊन तिथेच थांबायला हवे. ते ०.१ वर पडून राहिले होते. इंजिन सर्वाधिक भुकेले असताना त्याला पेट्रोल मिळत नव्हते आणि हे आमच्या डोळ्यांसमोर, आलेखाच्या सपाट रेषेत, दिसत होते.

यावरून काय वगळता येते ते पाहणे हा या साऱ्या व्यवहारातला मला सर्वांत आवडलेला भाग. मॅनिफोल्डची गळती असती तर तिचा परिणाम आयडलला जास्त जाणवला असता, कारण तेव्हा आतला दाब सर्वांत कमी असल्याने बाहेरची हवा जोराने ओढली जाते, आणि भार वाढताच तो ओसरला असता. शिवाय हवेचे वजन मोजणारा मास एअर फ्लो सेन्सर असलेल्या गाड्यांत गळतीमुळे ट्रिम चढतात, तर माझ्या गाडीसारख्या मॅप सेन्सरवर चालणाऱ्या गाड्यांत गळतीची हवाही दाबाच्या रूपाने मोजली जाते आणि ट्रिमऐवजी आयडलचे फेरेच वाढतात. इंटरनेटवरचे बरेचसे मार्गदर्शन हा फरक सांगत नाही. माझ्या गाडीत आयडल स्थिर होते. सायलेन्सर फुटलेला असता तर सेन्सरला ताजी हवा लागून तो आयडललाही भरकटला असता. उरली ती भाराबरोबर वाढणारी तूट, म्हणजे इंधन पोहोचवण्यातली कमतरता: पंप, त्याची जाळी, फिल्टर, इंजेक्टर, किंवा पंपाला मिळणारी वीज.

इथे अडॅप्टरचे काम संपते आणि हे कबूल करण्याऐवजी जे विक्रेते त्याला संपूर्ण निदानयंत्र म्हणून विकतात त्यांच्यावर माझा राग आहे. बहुतेक साध्या पेट्रोल गाड्यांत इंधनाचा दाब मोजणारा सेन्सरच नसतो, त्यामुळे तो आकडा कोणत्याही स्कॅनरवर येत नाही. त्यासाठी गेजच लागतो. जुन्या एमआयडीसीच्या बाजूला एका मिस्त्रींकडे मी मोबाइलमधले रेकॉर्डिंग घेऊन गेलो. त्यांनी आलेख पाहिला, फारसे काही न बोलता इंधनाच्या पाइपमध्ये टी जोडून गेज लावला आणि तो पुढच्या काचेवर वायपरखाली असा अडकवला की आतून वाचता यावा. उभ्या गाडीत दाब साडेतीन बार होता. चढावर तो सव्वादोनच्या खाली आला. इंजेक्टरमधून जाणारे पेट्रोल दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. हा हिशेब मांडला तर साडेतीनवरून २.२ वर आल्यावर पेट्रोल सुमारे एकवीस टक्के कमी जाते आणि ते भरून काढायला ईसीयूला सव्वीस टक्के वाढ करावी लागते. अॅपने पंचवीस दाखवले होते. सातशे रुपयांच्या वस्तूने इतके जवळचे उत्तर द्यावे, याचे मला अजून कौतुक वाटते.

पंप बदलून टाकू या, असे मीच म्हणालो. त्यावर मिस्त्री म्हणाले, "थांबा साहेब, पंपाला करंट पोचतोय का ते बघू आधी. पंप काय, कधीबी बदलता येतोय." मागच्या सीटचे बसायचे गादीकाम उचलले की त्याखाली टाकीचे झाकण आणि पंपाचा प्लग दिसतो. इंजिन चालू ठेवून त्यांनी मल्टिमीटरच्या सुया प्लगच्या पाठीमागून वायरीला टेकवल्या. हार्नेसच्या, म्हणजे गाडीकडून येणाऱ्या वायरींच्या, बाजूला १३.८ व्होल्ट, पंपाच्या बाजूला ११.३. एका प्लगमध्ये अडीच व्होल्ट नाहीसे होत होते. प्लग सोडवल्यावर कारण दिसले: चारपैकी एका पिनेभोवतीचे पांढरे प्लास्टिक तपकिरी होऊन फुगले होते आणि पिनेचा तोंडाकडचा भाग सैल पडून निळसर काळा झाला होता. पंप साधारण पाच अँपिअर ओढतो. सैल जोडात अर्धा ओहम रोध तयार झाला तरी अडीच व्होल्ट तिथेच उष्णतेत जातात, जोड तापतो, आणखी सैल होतो. आयडलला इंजिनाला पेट्रोल थोडेच लागत असल्याने मंदावलेला पंपही दाब धरून ठेवत असे, चढावर मात्र तो पुरा पडत नसे. गाडी तापल्यावरच तक्रार का यावी याचाही उलगडा त्यातून झाला.

ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी, की अॅपमध्ये व्होल्टेजचा आकडाही दिसतो आणि तो पूर्ण वेळ १३.९ च्या आसपास, म्हणजे निर्दोष, होता. परंतु तो ईसीयूपाशी मोजलेला असतो. टाकीवरच्या प्लगची त्याला काय खबर. लाइव्ह डेटा वाचताना प्रत्येक आकडा कुठे मोजला गेला आहे हे ठाऊक नसेल तर तो आकडा दिशाभूल करतो. दोन्ही बाजूंचे प्लग वायरीसह बदलण्यात आले, जोड नीट क्रिंप करून त्यावर आवरण चढवले गेले, आणि त्याच चढावर पुन्हा नोंद घेतली तेव्हा ट्रिमची बेरीज पाचच्या आत राहिली, पूर्ण अॅक्सिलरेटरला सेन्सर ०.८७ वर जाऊन थांबला. प्लग आणि मजुरी मिळून आलेला खर्च आधी बदललेल्या सेन्सरच्या किमतीच्या जवळपासही नव्हता, आणि चांगला पंप टाकीत शाबूत राहिला.

आता अडॅप्टरच्या उणिवा, कारण त्या बऱ्याच आहेत. पहिली म्हणजे वेग. एकाच वेळी डझनभर आकडे डॅशबोर्डसारख्या सुंदर तबकड्यांवर लावले की प्रत्येक तबकडी सेकंद-दोन सेकंदांनी हलते आणि ऑक्सिजन सेन्सरसारखी झपाट्याने बदलणारी गोष्ट मग मरगळलेली दिसते, प्रत्यक्षात ती तशी नसताना. के-लाइनच्या गाडीत हा त्रास फारच जाणवतो. चार-पाचच आकडे निवडावेत, आणि सेन्सरची झुलण्याची गती पाहायची असेल तर तो एकटाच लावावा. दुसरी उणीव म्हणजे या जोडीला इंजिनापलीकडचे फारसे कळत नाही: एबीएस, एअरबॅग, इमोबिलायझर यांच्या यंत्रणा आणि कंपनीचे खास कोड साध्या अॅपमध्ये उघडत नाहीत, आणि पंप चालू कर, पंखा फिरव अशा आज्ञा देऊन भाग तपासण्याची सोयही नसते. तिथे गॅरेजचा मोठा स्कॅनरच लागतो. तिसरी बाब अॅपच्या अंदाजांची. हॉर्सपॉवर, टॉर्क, लिटरला किती किलोमीटर असे जे आकडे मोठ्या अक्षरांत झळकतात ते मोजलेले नसून गाडीच्या वजनासारख्या आपण भरलेल्या माहितीवरून काढलेले असतात. मी ते स्क्रीनवरून काढूनच टाकले.

अॅपच्या बाबतीत टॉर्क आणि कार स्कॅनर ही दोन्ही वापरून पाहिली. टॉर्क अँड्रॉइडवरच चालते, त्याचे आलेख चांगले आहेत, पण मांडणी जुनाट आहे. कार स्कॅनर आयफोनवरही चालते आणि नवख्या माणसाला ते लवकर उमगते. आयफोन असेल तर मात्र अडॅप्टर घेतानाच तो वाय-फायचा किंवा ब्लूटूथ लो एनर्जीचा आहे ना हे पाहावे, साध्या ब्लूटूथचा चालणार नाही. जोडणीचा पिन सहसा १२३४ किंवा ०००० असतो, म्हणजे सगळ्या जगाला माहीत असलेला. शिवाय सॉकेटला बॅटरीचा थेट पुरवठा असल्याने गाडी बंद असतानाही अडॅप्टर थोडी वीज खात राहतो. गावी जाताना गाडी आठवडे उभी ठेवली तर बॅटरी बसू शकते. काम झाले की काढून डिकीत ठेवावा.

कोड पुसण्याचे बटण हे या अॅपमधले सर्वांत मोहक आणि सर्वांत घातक बटण आहे. ते दाबताच दिव्याबरोबर फ्रीझ फ्रेमही जाते, बऱ्याच गाड्यांत शिकलेले ट्रिम शून्यावर येतात आणि ईसीयूच्या स्वतःच्या चाचण्या पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. दिवा विझल्याचे समाधान मिळते आणि पुरावा नष्ट होतो. गॅरेजमध्ये गाडी देतानाही आधी कोड, फ्रीझ फ्रेम आणि ट्रिम यांचे स्क्रीनशॉट घ्यावेत आणि मिस्त्रींना स्पष्ट सांगावे की पुसण्यापूर्वी मला दाखवा. सांगली-साताऱ्याकडच्या अनेक गॅरेजमध्ये स्कॅनिंग म्हणजे कोड काढणे आणि पुसणे इतकाच अर्थ उरला आहे आणि त्याचे पैसेही वेगळे घेतले जातात. स्कॅनर बाळगणारे पुष्कळ आहेत, गाडी चढावर नेऊन आकडे पाहणारे थोडे. भाग बदलायचे ठरले की, हे कोणत्या आकड्यावरून ठरवले, एवढा एक प्रश्न नम्रपणे विचारावा. ज्याने खरोखर तपासले आहे त्याला त्याचा राग येत नाही, असा माझा अनुभव आहे.

डिझेल गाडीच्या मालकांना ट्रिमचा उपयोग नसला तरी कॉमन रेलचा दाब बऱ्याच गाड्यांत याच अॅपमध्ये दिसतो. मागितलेला आणि प्रत्यक्ष मिळालेला असे दोन्ही आकडे दिसत असतील तर चढावर त्यांच्यात पडणारे अंतर पाहावे. बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या गाड्यांची संख्या आपल्याकडे वाढली आहे आणि त्यांच्यासाठी हे अडॅप्टर कदाचित सर्वांत जास्त उपयोगी आहे. एकाच चढावर आधी पेट्रोलवर आणि मग गॅसवर नोंद घ्यावी. ट्रिम केवळ गॅसवर भरकटत असतील तर गॅसचा दाब उतरवणारा रिड्यूसर, गॅसचा फिल्टर किंवा किटचे ट्यूनिंग यांच्याकडे जावे, इंजिनाला हात लावू नये. दोन्हींवर सारखेच भरकटत असतील तर किट बसवणाऱ्याशी भांडण्यात अर्थ नाही, दोष दोन्ही इंधनांना सामाईक असलेल्या सेन्सरांत, हवेच्या वाटेवर किंवा सायलेन्सरमध्ये शोधावा. नोंदी घेताना गॅसवर गेल्यानंतर काही किलोमीटर गाडी चालू द्यावी, कारण लाँग टर्म ट्रिमला नव्या इंधनाशी जुळवून घ्यायला तेवढा अवकाश लागतो.